दोन महिन्यांची मुदत

लीलाधरला त्या फिरत्या पट्ट्यावर पाच मिनिटंही चालता आलं नाही. छातीला चिकटवलेल्या वायरींसकट तो घामाघूम होऊन पुढच्या दांडीवर वाकला, तशी आतल्या बाईंनी यंत्र बंद केलं आणि त्याला धरून खाटेवर आडवं केलं. मी दाराच्या काचेतून पाहत होते. लीलाधर माझा धाकटा भाऊ. वय एकेचाळीस, अंगानं दणकट, केळीचा घड खांद्यावर टाकून बांधाबांधानं चालणारा. निदान आम्ही त्याला तसाच समजत होतो. बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सकाळपासून पोटात काही नाही ना, म्हणून गरगरलं."

त्याच्यानंतर माझा नंबर होता. बाईंनी पट्टा सुरू केला, मग चढ वाढवला, मग आणखी वाढवला. मी चालत राहिले. शेवटी त्यांनीच थांबवलं आणि वायरी काढता काढता विचारलं, "रोज चालता का?" मी हो म्हटलं. लीलाधरचा कागद त्यांनी बाजूला काढून ठेवला होता, तो घेऊन घाईनं डॉक्टरांकडे गेल्या.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. नाशिकच्या त्या इस्पितळात आम्ही आलो होतो ते आमच्या थोरल्या भावासाठी. भागवत त्याचं नाव, पण आम्ही त्याला भाऊ म्हणायचो आणि रावेर तालुक्यातलं आमचं सगळं गावही भाऊच म्हणायचं. मोठा बागायतदार, मोठ्या आवाजाचा, चार माणसं जमली की मध्ये बसणारा. त्याला बीपी आहे हे त्याला दहाएक वर्षांपासून माहीत होतं. डोकं दुखलं की गोळी घ्यायची, थांबलं की बंद करायची, एवढाच त्याचा औषधोपचार. त्या दाबानं आतल्या आत दोन्ही किडन्या खाऊन टाकल्या, आणि कळलं तेव्हा पायांवर सूज चढून चपला घालता येईनाशा झाल्या होत्या. वर्षभरापासून आठवड्यातून तीनदा जळगावला जाऊन डायलिसिस चालू होतं. पाणी मोजून प्यायचं. आणि सगळ्यांत क्रूर थट्टा म्हणजे, पिढ्यान्‌पिढ्या केळी पिकवणाऱ्या घरातल्या या माणसाला केळं बंद केलं होतं. केळातलं पोटॅशियम त्याच्या अंगातून बाहेर पडत नव्हतं, ते साचलं तर हृदय थांबू शकतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

जळगावच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं, घरातल्या कोणाची किडनी मिळाली तर माणूस सावरेल. म्हणून आम्ही नाशिक गाठलं.

डॉक्टर कासारबाई चाळिशीच्या असाव्यात. सावकाश, स्पष्ट बोलायच्या. त्यांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवलं. भाऊ, त्याची बायको सिंधूवहिनी, त्याचा तेवीस वर्षांचा मुलगा तुषार, लीलाधर आणि मी. वहिनींचा रक्तगट जुळत नव्हता. तुषारला, या वयात, बीपी निघालं होतं. ते ऐकून वहिनींनी पदर तोंडाला लावला. तुषार मात्र कानकोंडा होऊन जमिनीकडे बघत राहिला, जणू काही त्याची चोरीच पकडली होती. लीलाधरला डॉक्टरांनी सांगितलं की भावाला किडनी देण्याचा विचार सोडा, तुम्हाला स्वतःला आजच दाखल व्हायला लागेल. हृदयाच्या नळ्या तपासायच्या आहेत. लीलाधरनं तोंडातला गुटखा तिथल्या तिथे गिळल्यासारखं केलं.

मग त्यांनी माझे कागद उघडले. रक्तगट जुळत होता. बीपी, साखर, किडन्या, हृदय सगळं नीट होतं. "यांचं वय चव्वेचाळीस आहे," त्या म्हणाल्या, "पण आतून या तिशीच्या वाटतात. या देऊ शकतात, आणि एका किडनीवर पुढचं आयुष्य नीट काढू शकतात."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. फक्त भाऊनं पाहिलं नाही.

आमच्या घरात माझ्या चालण्याची आणि माझ्या ताटाची इतकी वर्षं थट्टाच झाली होती. आमचे वडील, अण्णा, एक्कावन्नाव्या वर्षी गेले. केळीच्या बागेत पाण्याची पाळी देत होते, बरोबर भाऊ होता. जबडा ठणकतोय म्हणून बांधावर बसले ते उठलेच नाहीत. आमचे आजोबाही असेच पन्नाशीच्या आसपास गेले होते. अण्णांच्या दिवसांत रावेरचे जुने डॉक्टर घरी आले होते, त्यांनी आम्हा तिघा भावंडांना जवळ बोलावून सांगितलं की ही तुमच्या घराण्याची खोड आहे. मीठ, तेल, तंबाखू आवरा, रोज चाला, झोप नीट घ्या. भाऊनं मान डोलावली होती. तेराव्याच्या दिवशी वरण-बट्टीवर तूप ओतलं गेलं, वांग्याच्या भाजीवर बोटभर तर्री तरंगली, आणि ते बोलणं तिथेच राहिलं.

मी मात्र चालायला लागले. लगेच नाही, सात-आठ वर्षांनी. लग्न होऊन सावद्याला आले होते. माझे यजमान डिगंबर यांची केळीच्या रोपांची नर्सरी, तिथलं निम्मं काम माझ्याकडे. दोन बाळंतपणं झाली, अंग सुटलं, जिना चढताना धाप लागायची, रात्र रात्र डोळा लागायचा नाही, आणि पोरांवर विनाकारण हात उचलला जायचा. मग एक दिवस चप्पल घातली आणि पहाटे रस्त्याला लागले. सुरुवातीला सावद्यातल्या बायका दारातून विचारायच्या, कोणाचं काही झालं का, एवढ्या सकाळी कुठे निघालात. भाजीतलं मीठ कमी केलं, तेलाची बुधली महिन्याऐवजी दोन महिने पुरू लागली, लोणचं-पापड सणापुरते ठेवले. हे सगळं हृदयासाठी म्हणून सुरू केलं होतं, पण आधी सुधारली ती झोप. मग चिडचिड गेली. मग गुडघे हलके झाले. आमच्या पिढीत बहुतेक सगळ्यांना साखर निघाली, मला निघाली नाही. हृदयाचं मला काहीच कळत नव्हतं. ते आपलं आत चालू होतं.

माहेरी गेले की पंगतीत भाऊचा आवाज यायचा, "कुमुदला दवाखान्याचं ताट वाढा." सगळे हसायचे. मीही हसायचे.

त्या दिवशी लीलाधरला वर दाखल करून आम्ही खाली आलो. वहिनी आणि तुषार कागदांच्या मागे होते. भाऊ इस्पितळाच्या आवारात एका कट्ट्यावर बसला होता, डाव्या हाताची बाही वर केलेली. डायलिसिससाठी तयार केलेली शीर तिथे दोरखंडासारखी फुगली होती. मी शेजारी बसले. म्हटलं, घरी फोन लावते, यांना विचारून घेते, पण हे नाही म्हणणार नाहीत.

"नको लावू," तो म्हणाला.

"का?"

"मला नको तुझी किडनी."

मला वाटलं, बहिणीकडून घ्यायला लाजतोय. म्हणून मी काहीबाही बोलत राहिले. त्यानं मध्येच थांबवलं.

"कुमुद, तू इतकी वर्षं जपलंस. माझ्या अंगात आलं की मी ते वर्षात नासवीन. मला मी माहीत आहे. आताही माझ्या खिशात पुडी आहे."

"मग नासवू नकोस."

"इतकं सोपं आहे का ते?"

"सोपं नाही," मी म्हटलं.

एका बाईला चाकाच्या खुर्चीवरून नेत होते, तिच्याकडे बघत होता. मग म्हणाला, "दोन महिने दे मला. तू राहतेस तसा राहून बघतो. जमलं तर घेतो तुझ्याकडून. नाही जमलं तर पुन्हा विषय काढायचा नाही."

मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, आधी ऑपरेशन कर, मग सुधार. तो ऐकेना. शेवटी आम्ही दोघं डॉक्टर कासारांकडे गेलो. मला वाटलं होतं त्याहून त्यांचं म्हणणं सरळ निघालं. सरकारी समितीची परवानगी, उरलेल्या तपासण्या, यात तसाही दीड-दोन महिन्यांचा वेळ जाणारच होता. तंबाखू सुटल्याशिवाय त्याही ऑपरेशनला हात लावणार नव्हत्या. बीपी खाली आलं, अंगातलं पाणी आटोक्यात राहिलं, तर भूल सोसायला हृदय थोडं बरं राहील. तोवर डायलिसिस चुकवायचं नाही. एवढं सांगून त्यांनी आम्हाला पाठवलं. म्हणजे ती मुदत भाऊनं मागितली असली तरी ती डॉक्टरांचीही होती. हे मी आज सांगते आहे, कारण पुढे ते कोणीच लक्षात ठेवलं नाही.

घरी आल्यावर यजमानांना सांगितलं. दोन दिवस ते माझ्याशी फारसं बोलले नाहीत. नर्सरीत पाणी घालत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ऑपरेशनला मी बरोबर येईन." आणि म्हणाले, तोवर तू माहेरी भाऊकडेच राहा, इथलं मी बघतो.

थंडीचे दिवस होते. पहिल्या सकाळी भाऊ आणि मी घरातून निघालो तो मारुतीच्या देवळापर्यंतच पोहोचलो. देवळाच्या पायरीवर तो बसला आणि धापा टाकू लागला. मोटरसायकलशिवाय शेजारच्या गल्लीतही न गेलेला माणूस बहिणीबरोबर पायी चाललेला बघून लोक उभे राहिले होते. कोणीतरी विचारलं, भाऊ, गाडी बिघडली का? एरवी त्यानं चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी त्याच्या अंगात तेवढा दम नव्हता.

तंबाखूनं त्याला फार छळलं. पहिला आठवडा तो माणसासारखा नव्हता. एकदा बिनमिठाच्या भाजीचं ताट त्यानं भिंतीवर मारलं. वहिनींनी काही न बोलता भिंत पुसली. त्यांचाही राग होताच, पण तो माझ्यावर होता. आजारी माणसाच्या तोंडची चवही काढून घेतली, असं त्या शेजारणींजवळ बोलल्याचं माझ्या कानावर आलं. मी त्यांच्या जागी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. मी चुलीजवळ जाऊन बसले, लिंबू, लसूण, भाजलेली मिरची आणि कोथिंबिरीवर चव कशी ओढून आणायची ते करून दाखवलं. त्यातलंही त्याला काय चालतं, किती चालतं, ते जळगावच्या आहारतज्ज्ञ बाईंना विचारून घेतलं होतं. भाजलेल्या वांग्याचं भरीत वहिनींनी तसं केलं तेव्हा भाऊनं दुसऱ्यांदा मागून घेतलं. वहिनी पदराआड हसल्या. त्या दोन महिन्यांतलं त्यांचं तेवढंच हसू मला आठवतं.

डायलिसिसचे दिवस सोडून आम्ही रोज निघायचो. देवळापासून पुढे शाळा, शाळेपासून पुढे केळीचे ट्रक भरतात तो चौक. एक दिवस मागे पाहिलं तर तुषार येत होता, बराच अंतर ठेवून, फोनकडे बघत, आपण सहजच आलो आहोत असं दाखवत. भाऊनं त्याला हाक मारली नाही. मला हळूच म्हणाला, "बघू नकोस मागे, पळून जाईल." चार-सहा दिवसांत तुषार आमच्या बरोबरीनं चालायला लागला. या बापलेकांत आजवर पाण्याची पाळी आणि मजुरांची हजेरी याखेरीज बोलणं झालेलं मी ऐकलं नव्हतं. आता भाऊ त्याला विचारायचा, तुला शेतीच करायची आहे का खरंच? आणि तुषार खरं उत्तर द्यायचा.

महिना उलटला तेव्हा फरक इतरांनाही दिसायला लागला. दोन डायलिसिसच्या मध्ये अंगात साचणारं पाणी निम्म्यावर आलं, कारण मीठ नाही तर तहान नाही. बीपीच्या दोन गोळ्या डॉक्टरांनी कमी केल्या. वर्षभर तो तीन उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचा, तो आता आडवा झोपू लागला. चेहऱ्यावरची सूज उतरली आणि आतून एक वेगळाच माणूस वर आला, शांत, थोडा विनोदी, अण्णांसारखा दिसणारा. मला वाटतं, तो तसा होता हे त्यालाही माहीत नव्हतं.

एकदा चौकात ट्रकच्या सावलीला बसलो होतो. तुषार पुढे गेला होता. भाऊनं विचारलं, "तू हे कशानं सुरू केलंस? मनाचा एवढा जोर कुठून आणलास?"

"जोर कसला," मी म्हटलं. "भीती. अण्णांसारखी जाईन आणि पोरं लहान राहतील, याची भीती. रात्री उठून स्वतःची नाडी बघायचे."

त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग तो उठला, कपडे झटकले आणि चालायला लागला.

तिकडे लीलाधरच्या हृदयात दोन ठिकाणी जाळ्या बसवल्या होत्या. तो घरी आला, पंधरा दिवस पथ्यानं राहिला, आणि एका संध्याकाळी पानटपरीवर उभा असलेला तुषारला दिसला. भाऊ त्याच्या घरी गेला. पायी गेला. काय बोलला ते माहीत नाही, पण लीलाधर नंतर मला म्हणाला, त्यानं माझ्यापुढे हात जोडले. लीलाधरला त्याचं हसूच आलं होतं. थोरल्या भावानं धाकट्यापुढे हात जोडलेले त्यानं कधी पाहिले नव्हते.

परवानगी मिळाली. नाशिकहून फोन आला, पुढच्या आठवड्यात दाखल व्हा. भाऊनं मला बोलावलं आणि म्हणाला, "जमलं गं." एवढंच.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी जळगावला जायचं होतं. शुक्रवारनंतर शनिवार-रविवार मध्ये गेले की सोमवारचं डायलिसिस नेहमीच जड असतं, हे आम्हाला ठाऊक होतं. पण त्या दिवशी त्याला काही त्रास नव्हता. आंघोळ झाली होती. तुषार अंगणात गाडी काढत होता, वहिनी डबा भरत होत्या. भाऊ खाटेवर बसून सदऱ्याची बटणं लावत होता आणि मी त्याची फाइल पिशवीत घालत होते. "कुमुद, थांब जरा," तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात. मला वाटलं, काही विसरलंय. मी वळले तेव्हा तो हळूहळू एका कुशीवर कलत होता. वरची दोन बटणं लावायची राहिली होती.

आम्ही त्याला गाडीत घातलं. तुषारनं गाडी चालवली, मी मागच्या सीटवर त्याची छाती दाबत राहिले, डायलिसिसच्या ठिकाणी शिकवलं होतं तशी. रावेरच्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा डॉक्टरांनी हात लावला आणि माझा हात बाजूला केला. तो एकोणपन्नास वर्षांचा होता.

नंतर मी डॉक्टर कासारांना फोन केला. मला एकच विचारायचं होतं. त्यांना ते न विचारताच कळलं. त्या म्हणाल्या, "त्यांचं हृदय बरीच वर्षं दाबाखाली राहून वाढलं होतं. इको पाहिल्यापासून मला ती भीती होतीच. हे दोन महिने आधीही होऊ शकलं असतं, ऑपरेशनच्या टेबलावरही झालं असतं. या दोन महिन्यांनी त्यांना थोडं पुढे नेलं, पण तीस वर्षांची झीज दोन महिन्यांत भरून निघत नाही." मी ऐकून घेतलं. त्यांचं बरोबर असेल. पण त्या वेळी माझ्या अंगात दोन किडन्या होत्या आणि माझा भाऊ चितेवर गेला होता. बरोबर-चूक यांचा मला काही उपयोग नव्हता.

घरी माणसं जमली होती. वहिनी कोपऱ्यात बसल्या होत्या, रडत नव्हत्या. मी जवळ गेले तशी त्यांनी मान वर केली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "किडनी देते म्हणालात आणि चालायला लावलंत. द्यायची होती तर त्याच दिवशी द्यायची."

डिगंबर पुढे व्हायला निघाले, मी त्यांना डोळ्यांनीच थांबवलं. ती मुदत कोणी मागितली होती, डॉक्टर काय म्हणाल्या होत्या, हे सगळं माझ्याजवळ होतं. पण नवरा जाऊन एक दिवसही झाला नव्हता अशा बाईला मी काय समजावणार? दहावं-तेरावं झालं आणि मी सावद्याला परतले. त्यानंतर बरीच वर्षं वहिनींनी माझ्याशी बोलणं ठेवलं नाही. राखीला मी लीलाधरकडे जायचे आणि त्या घराच्या दारावरून परत यायचे.

लीलाधरही पुढे नीट राहिला नाही. पाच वर्षांनी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. आज तो ओट्यावर खुर्चीत बसलेला असतो. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला, आणि बोलायला गेला की पहिल्या शब्दावरच अडखळतो. तुषार मात्र चालत राहिला. बापाच्या दहाव्याच्या दिवशी, सगळी भावकी नदीवर जमायच्या आधी, तो एकटाच चौकापर्यंत जाऊन आला होता, हे मला नंतर कळलं. त्याचं बीपी आज गोळीशिवाय ताब्यात आहे. आत्याकडे येणं त्यानं कधी सोडलं नाही.

त्याचं लग्न उशिरा झालं. मुलगी झाली, तेव्हा बारशाचं बोलावणं घेऊन तो स्वतः आला. मी म्हटलं, आईला विचारलंस का? तो म्हणाला, "आईनंच पाठवलंय."

मी गेले. इतक्या वर्षांनी त्या घराचा उंबरा ओलांडला. वहिनी आता साठीच्या झाल्या होत्या. केस पांढरे, पाठ थोडी वाकलेली. त्यांनी मला पाट दिला, सुनेकडून ओटी भरवली. नाव ठेवून झालं, बायका पांगल्या, तशा त्या मला म्हणाल्या, "वर चला, बाळ वरच्या खोलीत आहे."

वर जायचा जिना मागच्या पडवीत, दाराआड; त्या दोन महिन्यांत माझं तिकडे जाणंच झालं नव्हतं, आणि आता तो मला ओळखीचा वाटेना. पूर्वी तिथे दगडी, उभा, अंधारा जिना होता. अण्णांच्या वेळचा. आता तिथे रुंद, ठेंगण्या पायऱ्या होत्या आणि भिंतीलगत लाकडी कठडा.

वहिनी खालच्या पायरीवर थांबल्या. म्हणाल्या, "हा यांनी करून घेतला. शेवटच्या महिन्यात. तुम्ही मध्ये आठ दिवस सावद्याला गेला होतात ना, तेव्हा गवंडी लावला. मी म्हटलं, आता कशाला खटाटोप, ऑपरेशन डोक्यावर आलंय. तर म्हणाले, म्हातारपणी आपल्याला चढता आलं पाहिजे."

मी पायऱ्यांकडे वरपर्यंत पाहिलं.

"लग्न झाल्यापासून हे मला सांगायचे, मी एक्कावन्नपर्यंतचा आहे," त्या म्हणाल्या. "अण्णांना डोळ्यांसमोर जाताना पाहिलं होतं त्यांनी. म्हणायचे, तेवढंच आहे तर खाऊन-पिऊन जाऊ, कोणासाठी राखायचं? पन्नाशीच्या पुढचं एक अक्षर बोलायचे नाहीत. तुषारच्या लग्नाचा विषय काढला तरी उठून जायचे. माणूस हसायचा, ओरडायचा, पंगती उठवायचा, आणि रात्री छातीवर हात ठेवून जागा असायचा. हे मी कोणाला सांगितलं नाही." त्यांनी कठड्यावर हात टेकवला. "त्या दोन महिन्यांत पहिल्यांदा म्हातारपण हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला. गवंड्याला सारखं सांगायचे, पायरी आणखी खाली घे, आणखी खाली. सिंधूचे गुडघे दुखतील पुढे."

बाहेर अंगणात पोरं दंगा करत होती.

"मी तुम्हाला बोलले ते बोलले," त्या म्हणाल्या. "ते परत घेते असं नाही. द्यायला हवी होती त्याच दिवशी, असं मला अजूनही वाटतं. पण हेही सांगायला हवं होतं. आज सांगितलं."

मग त्यांनी पदर कमरेला खोचला आणि कठड्याला धरून चढायला लागल्या, सावकाश, पायरीवर दोन्ही पाय आणून थांबत, पुन्हा पुढची पायरी. मध्येच मागे वळून त्यांनी मला विचारलं, "येताय ना?"

मी त्यांच्या मागोमाग चढू लागले.